चढणीवरचा समुद्र

फिलोमेना बाई म्हणाल्या, "दप्तरं वर्गातच राहू द्यात,
धक्क्यावर चला.
आबिलियु आजोबा दोरी देतायत."

आजोबांची दोरी म्हणजे एक हजार मीटर.
काळ्या एश्पादा माशासाठी
रात्री ती होडीतून सरळ खाली जाते
आणि पहाटे ओढून घ्यायची असते.
त्यांचे तळवे बघा, रेषाच उरल्या नाहीत.
हात बघून भविष्य सांगणारी बाई
त्यांच्या दारात उपाशी मरेल.

पण आज दोरी गावात शिरणार होती.
एक टोक धक्क्यावरच्या कडीला,
दुसरं बेनेदिताच्या मुठीत,
कारण ती सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक.
"कडीपाशी पाण्याचा माथा," बाई म्हणाल्या,
"चला आता खोल."
आणि आम्ही चढायला लागलो!
पाय वर, तोंडानं म्हणायचं खाली.
व्हास्कुला हसू आवरेना.

न्हाव्याच्या दुकानापर्यंत ऊनच ऊन,
तिथवर सार्डिन, कासव, आपल्या ओळखीची मंडळी.
दोनशेवर, चर्चच्या पायरीशी,
बाईंनी डोळे अर्धे मिटायला लावले.
"इथून निळं. मग आणखी निळं.
मग निळ्याची नुसती आठवण."

तीनशे चाळीसवर आमचं घर!
मी ओरडलो, "इथं कोण राहतं?"
"कुऱ्हाड-मासा," बाई म्हणाल्या,
"तुझ्या बोटाएवढा, चांदीच्या पत्र्यासारखा.
पोटाखाली दिवे लावून हिंडतो,
खालून बघणाऱ्याला त्याची सावली दिसू नये म्हणून."
आईनं खिडकीतून विचारलं, "काय चाललंय?"
"आपण बुडालोय!" मी सांगितलं.
ती म्हणाली, "जेवायला वेळेवर ये."

पाचशेवर बेकरी.
"या खोलीवर काहीच पिकत नाही," बाई म्हणाल्या,
"जेवण वरून पडतं.
मेलेल्यांचे कण, शेंबूड, शी..."
"शीऽऽ!" अख्खा वर्ग.
"आणि ते पडताना बर्फासारखं दिसतं."
बेकरीवाल्या ग्रासिंदानं ऐकलं,
चाळण घेऊन बाहेर आली
आणि आमच्या डोक्यांवर पीठ भुरभुरवलं,
हळू, हळू,
जसं काही खाली पोचायला त्याला आठवडे लागणार होते.
कुणीच केस झटकले नाहीत.

सातशेवर व्हॅम्पायर स्क्विड.
नाव ऐकून धाकटे बाईंच्या मागे.
"अरे, तो रक्त पीत नाही, हेच पीठ खातो.
घाबरला की हातांची झोळी उलटी करून
स्वतःलाच तिच्यात लपवतो."
व्हास्कुनं लगेच शर्ट डोक्यावर ओढला
आणि खांबाला धडकला.

पुढे चढ उभा. बोलणं कमी.
नऊशेच्या बोळात ऊन पोचत नाही,
तिथं आजोबांनी काठीच्या टोकाला बॅटरी बांधून
कपाळापुढे धरली आणि जबडा उघडला.
दात तीनच, तरी आम्ही किंचाळलो.
"कंदीलवाली मासोळी अशी.
उजेड बघायला येणारा
परत जात नाही."

"आणि इथवर स्पर्म व्हेल येतो," बाई म्हणाल्या,
"एका श्वासावर. धरा बघू श्वास."
चौदा पायऱ्या. बेनेदिता एकोणीस.
व्हेल पाऊण तास.
आजोबांचे वडील व्हेल मारायचे.
आजोबांनी बॅटरी विझवली आणि काही बोलले नाहीत.

केळीच्या बागेच्या कुंपणाशी दोरी संपली.
खाली समुद्र, इस्त्री केल्यासारखा सपाट.
त्याच्या पोटात आम्ही एवढं चाललो
हे त्याच्या तोंडावर दिसतसुद्धा नव्हतं.

"म्हणजे हा तळ?"
"छे! अजून तीन दोऱ्या जोडा."
"तिथं कोण असतं?"
बाईंनी थोडा वेळ घेतला.
"काही जण माहीत आहेत.
बाकीच्यांनी अजून आपल्याला बघितलेलं नाही."

बेनेदिता टोक सोडायला तयारच नव्हती.
आजोबांनी एकेक बोट उकललं.

रात्री त्यांची होडी गेली, मी आवाज ऐकला.
उशीवर थोडं पीठ सांडलं होतं.
तीनशे चाळीसवर, माझ्या खोलीत,
मी दिवा लावून ठेवला,
खालून कुणी बघत असेल
तर माझी सावली दिसू नये म्हणून.